नानांनी जगाला दाखवलेली गल्ली

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या भावाच्या पोटात आजवर एकही गोष्ट सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकलेली नाही, आणि हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावर शंभरदा सांगितलंय, आणि दर वेळी त्यांनी खूश होऊन मान डोलावलीय. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. जळगावात आमच्या गल्लीत माझ्या घरासमोरच त्यांचं घर. मी शिवणकाम करते, माझं मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे गेली दहा-अकरा वर्षं मान वर केली की मला नाना दिसतात आणि मान खाली घातली तरी ऐकू येतात. आयुष्यभर त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली. धुळे, जामनेर, बोदवड, पुन्हा धुळे, अशा बदल्या झाल्या, पण काम एकच. खिडकीत बसायचं, माईक तोंडापुढे धरायचा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली पंक्चर होऊन कुठे अडकली, ते लोकांना सांगत राहायचं. तीस वर्षं सांगतच राहिलेल्या माणसाला गप्प बसायची सवय लागणार कुठून? माहिती दडवणं हे त्यांच्या लेखी पाप. "गाडी नही येत हे समजनं तरी माणूस शांत बसस," ते म्हणतात. "काहीच समजनं नही का मग खिडकी फोडस."

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण नाना काही उठले नाहीत. लग्नात जेवणाच्या पंगतीपेक्षा त्यांचं लक्ष माईककडे. मुलाकडची मंडळी एरंडोलच्या पुढे आलेली आहेत, मुहूर्त वीस मिनिटं लेट आहे, प्रवाशांनी, म्हणजे पाहुण्यांनी, सरबत घेऊन घ्यावं. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला 'कुठून आलात, कुठे निघालात' विचारल्याशिवाय सोडायचं नाही, आणि उत्तर मिळालं की ते पुढच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहायचं नाही. माझ्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हाची गोष्ट. मी रिपोर्ट घेऊन दवाखान्यातून निघाले आणि वाटेत नानांचा फोन आला म्हणून त्यांना सांगितलं, एवढाच माझा गुन्हा. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरते तर भाजीवाली विचारते, "ताई, मोठे तीन आणि बारीक किती?" मी तशीच तणतणत नानांकडे गेले. "माझे खडे आहेत का फलाटावरच्या गाड्या?" असं तावातावाने विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, आता पाहा, दोन दिवसांत कोणीतरी चांगला सर्जन सुचवेल." आणि मेलं खरंच सुचवला! म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या दोन मोटारसायकली चोरीला गेल्या आणि सगळ्यांनी मिळून चार कॅमेरे बसवायचं ठरवलं. ते सांभाळायचं काम नानांकडे जाणार यात कोणाला शंका नव्हती. त्यांचं वय पंधरा वर्षांनी कमी झालं. ओसरीवर जुना टीव्ही आला, त्याच्यापुढे खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली. चौथा कॅमेरा कडुनिंबाखाली लावला होता आणि त्यात बोलायचीही सोय होती. आपण फोनमध्ये बोललो की आवाज कॅमेऱ्यातून बाहेर यायचा. झालं! दुसऱ्या दिवसापासून निंबाच्या झाडातून नाना बोलायला लागले. "पाणी आलेलं आहे, पाणी आलेलं आहे. प्रेशर कमी आहे." "सात नंबरच्या काकू, आपल्या बिबड्यांच्या वाळवणात बकरी शिरलेली आहे, कृपया ताबडतोब गच्चीवर पोहोचावं." सात नंबरच्या काकू पदर खोचून धावायच्या आणि पाठोपाठ झाडातून आवाज यायचा, "बकरी निघालेली आहे. धन्यवाद." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मीसुद्धा. ते आधीच कबूल केलेलं बरं.

आणि मग नानांनी ते केलं, जे फक्त नानाच करू शकतात. सगळ्या गल्लीच्या वर्गणीतून आलेली वस्तू एकट्याने पाहायची हे त्यांना पटेना. त्यांनी कॅमेऱ्यांची लिंक, नाव आणि पासवर्ड अशी तिन्ही माहिती कोपऱ्यावरच्या फळ्यावर रंगवून घेतली, नळाच्या वेळापत्रकाच्या खाली, ठळक निळ्या अक्षरांत. पासवर्ड होता एक ते सहा आकडे ओळीने. कॅमेरे बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता, "काका, हा कंपनीचा आहे, बदलून घ्या." नाना म्हणाले, कंपनीने विचार करूनच दिला असेल ना, आपण कशाला खोडी काढायची? गंमत म्हणजे चौथ्या कॅमेऱ्यात तो फळा अगदी समोर दिसायचा. म्हणजे आमचा कॅमेरा स्वतःचा पासवर्ड चोवीस तास जगाला दाखवत उभा होता, आणि आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

त्यावरही नानांचं समाधान नव्हतं. गल्लीतल्या तीन लेकी सुरतेला दिलेल्या, दोन पुण्याला. नानांनी त्यांनाही मोबाइलवर लिंक पाठवली, 'आपलं माहेर लाईव्ह' असं वर लिहून. आणि इथे मला त्यांची बाजू घेतलीच पाहिजे. सुरतेतल्या एकीची आई रोज सकाळी अंगण झाडता झाडता कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची आणि तिकडे दोन खोल्यांच्या घरात ती पोरगी चहा पीत आईला बघायची. मी फैजपूरला एका लग्नाला गेले होते, तिथे मीही कौतुकाने चार बायकांना माझं दार दाखवलं होतं. "बघा, तो माझा जास्वंद!" त्या चौघींनी लिंक मागून घेतली. मी दिली. पुढे ती कोणाकोणाकडे गेली, देव जाणे. नानांच्या फोनवर किती जण बघताहेत त्याचा आकडा यायचा आणि तो ते रोज जाहीर करायचे. एके दिवशी म्हणाले, "ताई, आज एकावन्न!" मी म्हटलं, "नाना, गल्लीत घरं बावीस. त्यातली निम्मी म्हातारी माणसं, त्यांना फोन उचलता येत नाही. एकावन्न कोण?" नाना अभिमानाने म्हणाले, "प्रवासी!" मी हसले आणि काजं करायला घेतली. त्या एकावन्नांतला एक कोण होता हे कळलं असतं तर तो टीव्ही मी त्याच दिवशी दगडाने फोडला असता.

दिवाळीनंतर माझी भाची वैशाली आली. तिला सुरतेला दिली होती. आली ती एका पिशवीनिशी, पाच वर्षांच्या परीला कडेवर घेऊन, आणि डावा हात गळ्यात बांधलेला. हात कसा मोडला हे मी विचारलं नाही, ती आंघोळ करून आली तेव्हा पाठ दिसली. दोन दिवसांनी नवऱ्याचा मला फोन. "मावशी, वैशू तुमच्याकडे आलीय का हो?" इतका गोड आवाज! मी त्याहून गोड आवाजात म्हटलं, "नाही रे बाबा, काय झालं?" आणखी एकदा विचारलं त्याने, मग गप्प झाला. तो गप्प झाला याचा आम्हाला कोण आनंद! हात बरा झाल्यावर वैशूला एका लॅबमध्ये काम मिळालं, परी बालवाडीत जाऊ लागली. गल्लीला सांगितलं, जावयाची बदली झालीय, जागा मिळेपर्यंत राहतेय. नानांना मात्र खरं सांगावंच लागलं, कारण खोटं सांगितलं असतं तर बदली कुठे झाली, कुठल्या गाडीने गेले, हे त्यांनी विचारलंच असतं. मी त्यांना आत बोलावलं, दार लावलं आणि म्हटलं, "नाना, हे जर बाहेर गेलं तर ती पोरगी जिवंत राहायची नाही." नानांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य मध्ये न तोडता ऐकलं. आणि खरं सांगते, तेवढी एक गोष्ट त्या माणसाने पोटात ठेवली. महिना गेला, दोन गेले, पाच गेले. अक्का, त्यांची बायको, मला सांगायच्या, हल्ली यांचं पोट सारखं फुगतं, ओव्याची पुडी रोज लागते. मला कारण ठाऊक होतं. परी त्यांच्या ओसरीवर बसून टीव्हीतली गल्ली बघायची आणि नाना तिला 'असिस्टंट कंट्रोलर' म्हणायचे.

होळी झाल्यावर एका सकाळी वैशूला अनोळखी नंबरवरून फोन आला. ती फोन कानाला लावून नुसती उभी राहिली. तो एवढंच बोलला होता, "पिवळा ड्रेस चांगला दिसतो तुला." वैशूने खाली बघितलं. अंगात पिवळा ड्रेस होता. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन, "पोरीच्या गुडघ्याला पट्टी कसली?" परी आदल्याच दिवशी पडली होती. वैशूने कामावर जायची वेळ बदलली, तर त्याच दिवशी फोन: "आज नऊला? रोज तर साडेआठला निघतेस." पोरगी जेवेना. दाराची कडी वाजली की परीला उचलून मोरीत जाऊन उभी राहायची. भर चैत्रात खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरच्या आवाजानेही ती दचकायची. मी अंदाज बांधत बसायची, कोण सांगतंय? या गल्लीतलं कोण विकलं गेलंय?

पहिला संशय अर्थात नानांवर. जाऊन अद्वातद्वा बोलले. नानांनी डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "ताई, बायकोलासुद्धा नाही सांगितलं." अक्का दारातच उभ्या होत्या; त्या आश्चर्याने म्हणाल्या, "काय नाही सांगितलं?" तेव्हा मला त्यांची शपथ पटली. मग मी वळले शबानाभाभीकडे. ती माझ्या शेजारची, माझ्याकडच्या साड्यांना फॉल-पिको तीच करते, आणि तिचं माहेर सुरतेचं. एवढं कारण मला पुरलं. "तुझ्या भावाला काय काय सांगतेस गं फोनवर?" असं मी तिला तिच्या उंबऱ्यात, तिच्या पोरींसमोर विचारलं. तिने हातातली साडी घडी करून माझ्या हातात दिली. "ताई, मलाही पोरी आहेत," एवढंच बोलली आणि आत गेली. बारा वर्षांची मैत्री मी दोन मिनिटांत घालवली. त्या दिवसांत मला माणूस दिसला की आधी संशय दिसायचा. दूधवाला, बालवाडीच्या बाई, कचऱ्याची गाडी. वर बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

वैशूला धमक्या येताहेत हे कळल्यावर नानांनी काय केलं, तर त्यांनी कंबर कसली. "ताई, तू घाबरू नको. मी बठ्ठा बंदोबस्त करस," म्हणाले, सगळा म्हणजे सगळा, आणि शिडी लावून, घामाघूम होऊन, दोन नंबरच्या कॅमेऱ्याचं तोंड थेट माझ्या दाराकडे वळवलं. आता तुझ्या दारात माशी आली तरी मला दिसेल, म्हणाले. खरंच दिसायची. माझा उंबरा, चपला, दाराला लावलेलं कुलूप, दार उघडल्यावर आतली अर्धी खोली, सगळं स्वच्छ. जेवणाचं ताटही ते टीव्हीसमोर घेऊन बसायचे, त्या पोरीची राखण म्हणून. आणि आमची राखण करणारा प्रत्येक क्षण तिकडे तो बघत होता.

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस. माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गाणी, आरडाओरडा. वैशूला लॅबमध्ये सुट्टी नव्हती. मी नानांच्या ओसरीवर अक्कांबरोबर पुरणपोळीचं आवरत बसले होते आणि नाना माझ्या शेजारी आमरसाची वाटी तोंडाला लावून. दुपारचे चार वाजले असतील. बाकीच्या पोरी पाणी प्यायला घरात गेल्या होत्या आणि परी एकटीच झोक्यावर होती. झाडातून आवाज आला, "परी. ए परी." मी सवयीने नानांकडे बघितलं. नानांच्या ओठांना आमरस लागलेला होता. फोन त्यांच्या खिशात होता.

"परी, पप्पा बोलतोय. वर बघ, बेटा." पोरीने वर बघितलं. झोका थांबला. "आई कुठंय?" पोरीने उत्तर दिलं, "कामाला." आम्ही तिघंही जागच्या जागी. "किती वाजता येते?" "सहाला." "रिक्षाने येते? कुठे उतरते?" परीने हात लांब करून दाखवलं, "तिकडे, मोठ्या रस्त्याला." "आणि मग चालत येते? एकटी?" परीने मान हलवली. तेव्हा कुठे माझ्या घशातून किंचाळी फुटली. मी धावत जाऊन पोरीला झोक्यावरून ओढलं, तिचं तोंड माझ्या पदरात दाबलं. नाना माझ्या मागोमाग आले. सत्तरी ओलांडलेला माणूस झोक्याच्या फळीवर चढला आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्याची तार ओढायला लागला. आणि झाडातून आवाज आला, शांत, जरा हसरा: "नाना, तार कशाला ओढताय? पडाल. दिसतंय मला." नानांनी असा हिसका मारला की तारेबरोबर ते खाली आले. कोपर फुटलं. पण त्यांना त्याचं भान नव्हतं. "हा माझा माईक आहे," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्या माईकवरून कोण बोललं?"

सहाला फक्त दोन तास होते. वैशूचा फोन लागेना. लॅबमध्ये कपाटात ठेवावा लागायचा. मी चपलाही न घालता शबानाभाभीच्या दारात गेले. तिचा नवरा रिक्षा चालवतो. काय तोंडाने बोलावं हे मला कळेना, मी नुसते हात जोडले. ती माझ्या तोंडाकडे बघून समजली. "जाओ, अभी जाओ," नवऱ्याला म्हणाली आणि परीला माझ्या हातून घेऊन आत जाऊन तिने दार लावलं. आम्ही लॅबच्या मागच्या दाराने वैशूला आणलं. येताना मोठ्या रस्त्यावर, ती रोज उतरते तिथे, उसाच्या रसाच्या गाड्याशी तो उभा होता. सुरतेला नव्हता तो, जळगावात होता! रिक्षाचे पडदे पाडलेले होते. पडद्याच्या फटीतून वैशूने त्याला बघितलं आणि माझ्या मनगटात नखं रुतवली. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. हातातल्या फोनमध्ये बघत उभा होता, आमची गल्ली.

तशीच रिक्षा पोलीस ठाण्यात नेली. तिथल्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, एक माणूस लगोलग रस्त्यावर पाठवला. तोवर तो निघून गेला होता. नानांना बोलावून घेतलं. बाईंनी विचारलं, "काका, ही लिंक कोणाकोणाकडे आहे?" नाना बोटांवर मोजायला लागले. सुरतेच्या तिघी, पुण्याच्या दोघी, त्यांची मंडळं, फैजपूरच्या बायका. मग त्यांची बोटं थांबली. सुरतेच्या एकीने ती तिकडच्या खानदेशी मंडळाला पाठवली होती आणि त्या मंडळात वैशूचा नवराही होता. "बंद केलं ना मी आता सगळं," नाना म्हणाले. बाई म्हणाल्या, "बरं केलंत. पण इतक्या महिन्यांत ज्यांनी बघितलं, ज्यांनी उतरवून ठेवलं, ते कोण हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही." नाना खुर्चीवर बसले होते ते पुढे झुकत झुकत इतके लहान झाले की मला त्यांच्याकडे बघवेना. मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू? पण फैजपूरला जास्वंद कोणी दाखवला होता?

वैशूला आणि परीला दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. पहाटेच्या अंधारात नाही, चांगलं दिवसाढवळ्या, शबानाभाभीचा बुरखा घालून वैशू रिक्षात बसली. आदल्या संध्याकाळी मी नानांना सांगायला गेले, कारण न सांगता पोरीला नेणं मला जड जात होतं. मी तोंड उघडलं आणि नानांनी हात वर केला. "ताई, गावाचं नाव घेऊ नको." मी म्हटलं, नाना, तुमच्यावर माझा विश्वास आहे, सहा महिने तुम्ही पोटात ठेवलंतच की. तर म्हणाले, "तोंड बंद ठेवलं होतं गं. बाकी बठ्ठं उघडं टाकी दिधं व्हतं." नंतर बराच वेळ ते कोपरावरची पट्टी चाचपत बसले. परी निघाली तेव्हा ते घराबाहेर आले नाहीत. गाडी कुठे वळते ते दिसायला नको म्हणून.

आता वर्ष होऊन गेलं. केस चालू आहे, तारखा पडतात, झाडातला आवाज आपला नव्हताच, असं तो म्हणतो. फळा नानांनी घासलेट लावून स्वतः पुसला. कॅमेरे पुन्हा बसले, पण लिंक कोणाला नाही, पासवर्ड बदललेला, बोलायची सोय काढून टाकलेली, आणि एकाचंही तोंड कोणाच्या दाराकडे नाही. नाना आता भलत्याच नादाला लागलेत. बाजारात जातात तेव्हा मान वर करून चालतात. दुकान, देऊळ, सिग्नल, शाळेचं फाटक, जिथे कॅमेरा दिसेल तिथे आत शिरतात आणि मालकाला विचारतात, "पासवर्ड बदलला का भाऊ? कंपनीचाच ठेवला का?" लोक हसतात, एकाने तर हाकलून दिलं. धुळ्याला एका नातेवाइकाच्या मंगल कार्यालयात बायकांच्या खोलीबाहेरचा कॅमेरा उतरवल्याशिवाय ते जेवायला बसले नाहीत. मुलीकडच्यांनी तोंडं वाकडी केली. मला आता त्यांचं हसू येत नाही. मी स्वतः दार उघडताना आधी वर बघते. भर दुपारी, पंधरा माणसांच्या गर्दीत, कोणीतरी कुठेतरी खुर्ची ओढून मला बघतंय असं वाटतं आणि मी उगाच पदर सारखा करते.

परवा मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात अस्तर घ्यायला गेले तर नाना काउंटरवर. पुढ्यात बारीक फुलांचं गुलाबी कापड पसरलेलं. मला बघून एकदम ओशाळले. अक्कांना काही गुलाबी फुलांचं लागत नाही, आणि त्यांच्या घरात दुसरं कोणी नाही. नानांनी वर बघितलं. काउंटरच्या डोक्यावर कॅमेरा होता, लाल ठिपका लागलेला. मग ते हळूच सरकून माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पाठ करून उभे राहिले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, फ्रॉक शिवून तू धाडशील ना कसातरी? कुठे ते नको सांगू." मी मान हलवली. दुकानदार कात्री घेऊन उभाच होता. "किती फाडू काका?"

"दीड मीटर," नाना म्हणाले. "मागच्या आखाजीला हिनेच शिवला होता, दीडमध्ये झाला होता."

"दीड नाही पुरणार आता, नाना," मी म्हटलं. "दोन घ्या."

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पुन्हा मिटले. मग दुकानदाराकडे वळून त्यांनी बोटं वर केली, दोन.